पोहता न येणाऱ्यांचा समुद्र

विदर्भातल्या माणसाच्या आयुष्यात अंदमान वर्षातून एकदाच येते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास रेंगाळत असताना, वर्तमानपत्रात एक लहानशी बातमी छापून येते : मोसमी वारे अंदमानात दाखल. कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतून झाल्यावर आपण ती बातमी वाचतो आणि बोटांवर दिवस मोजू लागतो. तो पाऊस आमच्या अंगणापर्यंत यायला त्यानंतर आणखी तीन-चार आठवडे लागतात. पण कुठेतरी तो पोचला आहे, एवढ्या आधारावर उरलेला उन्हाळा निघून जातो. अंदमानाशी आमचा घरगुती संबंध एवढाच होता. दुसरा संबंध व्यवसायाचा. सावरकरांची 'माझी जन्मठेप' १९२७ सालची आणि 'काळे पाणी' ही कादंबरी १९३७ सालची, हे आम्ही इतक्या तुकड्यांना सांगितले आहे की त्या बेटावर समुद्र, वाळू, नारळ असेही काही असेल याचा विचार करण्याची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती.

आम्ही म्हणजे दोघे. एकाच विषयात एम. ए. केलेले, जिल्ह्यातल्या दोन निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे, चाळिशी ओलांडलेले नवरा-बायको. घरात आणखी चौघे : पंच्याहत्तरी पार केलेले बाबा, त्यांच्याहून चार वर्षांनी लहान आई, दहावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. आजवर आमच्या सहली झाल्या त्या चिखलदरा, पचमढी, पंढरपूर अशा. एकदा कोकणात गेलो, तेव्हा पँटी पोटरीपर्यंत दुमडून लाटांच्या कडेने चाललो आणि शहाळी पिऊन परत आलो. त्या सहलीचे छायाचित्र दिवाणखान्यात आहे. त्यात सगळे समुद्राकडे पाठ करून उभे आहेत.

जानेवारीत मुलीने त्या छायाचित्राकडे बोट दाखवून आपली अट सांगितली. परीक्षा संपल्यावर समुद्रावर जायचे, आणि या वेळी समुद्र नुसता बघायचा नाही, त्यात उतरायचे. तिने एका फुलस्केप वहीत सहा रकाने आखले, प्रत्येकाला एक. डाव्या बाजूला दिवस एक ते दिवस आठ. कुणी कोणत्या दिवशी काय करायचे ते त्या त्या रकान्यात भरायचे. "नुसतं बसणं हे काम धरलं जाणार नाही," अशी सूचना वर लाल शाईने लिहिलेली होती.

वही भरायला घेतल्यावर प्रथम तारखा आल्या. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षेत गेले, एप्रिल विद्यापीठाच्या. मेच्या उत्तरार्धात तीच आमची लाडकी बातमी छापून येणार आणि समुद्र खवळणार. मधली फट उरली ती मेच्या पहिल्या आठवड्याची. उन्हाळ्यातून निघून उष्ण कटिबंधातल्या बेटावर जाण्याचा हा बेत ऐकून शेजाऱ्यांनी आमच्या शहाणपणाविषयी शंका घेतली. पण तिथे पारा तिशीच्या थोडा वर राहतो. घाम येईल, कातडी सोलणार नाही. वर्धेकराला तो हिवाळाच.

मग घड्याळ. आपल्या देशाचे घड्याळ एक असले तरी सूर्य एक नाही. ती बेटे वर्ध्याच्या पूर्वेला सुमारे चौदा अंशांवर आहेत. एका अंशाला चार मिनिटे धरली तर सूर्य तिथे जवळजवळ एक तास आधी उगवतो. मे महिन्यात पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी सहाच्या आत अंधारून येते. म्हणजे जे करायचे ते पहाटेपासून. आठ वाजता उठणाऱ्या मुलीच्या रकान्यात तिच्याच हाताने 'पहाटे ४.३०' असे लिहिताना पाहण्याचे समाधान या नियोजनाने आम्हांला मिळवून दिले.

वाटेचा प्रश्न बाबांनी काढला. १९११ च्या जुलैत सावरकरांना मद्रासहून 'महाराजा' नावाच्या जहाजाने तिथे नेले, तर आपणही जहाजानेच जावे, असे त्यांचे म्हणणे. चेन्नईहून जहाज आजही जाते, पण त्याला तीनएक दिवस लागतात आणि ते आपल्या रजेच्या सोयीने सुटत नाही. शेवटी सेवाग्राम स्थानकावरून रेल्वेने चेन्नई आणि तिथून विमान, असे ठरले. आईने लगेच आपल्या रकान्यात प्रवासाची शिदोरी लिहिली : भाकरी, जवसाची चटणी, गोरसपाकाचे दोन डबे. बाकीच्या सात दिवसांच्या जागा तिने तूर्त मोकळ्या ठेवल्या.

नावांवर आमचा अर्धा दिवस गेला, तो जायचाच होता. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. हॅवलॉक आणि नील ही बेटे डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. सुभाषबाबूंनी ३० डिसेंबर १९४३ रोजी तिथे तिरंगा फडकवला त्या काळात सुचवलेल्या नावांची ती आठवण. हॅवलॉक आणि नील हे दोघेही १८५७ चा उठाव मोडून काढणारे इंग्रज सेनानी. त्या उठावातले कैदी १८५८ पासून या बेटांवर आणले गेले आणि त्यांना मोडणाऱ्यांची नावे शेजारच्या बेटांना मिळाली. मात्र त्या बेटांवरच्या गावांची नावे गोविंदनगर, राधानगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना तिथे जमिनी देण्यात आल्या. सगळे मागे टाकून आलेल्या माणसांनी सोबत आणता आली ती नावे आणली. सेनापती नकाशावर नाव लिहितो, शेतकरी बांधावरून हाक मारतो. दोन्ही नामकरणे एकाच बेटावर नांदतात, हे आम्हांला आमच्या भाषाविज्ञानाच्या तासासाठी उपयोगी वाटले. बाबा मात्र म्हणाले, "बेटाचं नाव स्वराज, आणि तिथं जायचं मौज करायला." गांधींनी 'हिंद स्वराज' १९०९ साली समुद्रावर, जहाजात बसून लिहिले, हे त्यांनी मुलाला दोनदा ऐकवले.

हा त्यांच्या विरोधाचा पहिला सूर होता. फेब्रुवारीत तो स्पष्ट झाला. "जिथं माणसं तडफडून मेली, तिथं तुम्ही डुबक्या मारायला जाता?" त्यांचा प्रश्न आम्हांला गंभीर वाटला आणि खरे सांगायचे तर आवडलाही. वर्ध्याच्या घरात असा प्रश्न पडायलाच हवा. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सावरकरांच्या राजकारणाशी त्यांचे जन्मभर जमले नाही, पण त्या कोठडीपुढे एकदा उभे राहायचे हे त्यांच्या मनात फार वर्षांपासून आहे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला तो सात हातांचा तुरुंग, त्यातले आता उरलेले तीन हात, दिवसाला तीस पौंड तेल गाळायला लावणारा कोलू, हे सारे त्यांना पाठ आहे. १९३७ साली तिथल्या राजबंद्यांनी उपोषण केले, तेव्हा सेगावात राहणाऱ्या गांधींनी ते सोडावे म्हणून मध्यस्थी केली आणि पुढच्या वर्षापर्यंत ते राजबंदी मुख्य भूमीवर परत आणले गेले. वर्ध्याचा आणि त्या तुरुंगाचा हा धागा बाबा नेहमी सांगतात.

आम्ही उत्तराची तयारी केली. दुःखाच्या जागेवर आनंद करणे हा त्या दुःखाचा अपमान असतो काय, या विषयावर आम्ही दोघांनी रात्री दोन-तीन वेळा सविस्तर चर्चा केली. तिथे आज लाखो माणसे राहतात, त्यांची मुले त्याच समुद्रात पोहतात. स्मारकाला सकाळ द्यावी आणि समुद्राला दुपार. असे मुद्दे काढले. एक मुद्दा तर मुलीनेच सोडवला. सहलीच्या जाहिरातींत बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा हमखास असतात. तिकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. त्या टप्प्यातला रस्ता बंद करावा असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले होते, तरी वाहतूक चालूच राहिली. २०१२ साली तिथल्या चित्रफितीवरून देशभर संताप उसळला. माणसांना खिडकीतून बघत जायचे नाही, असे म्हणून तिने बाराटांग खोडले. तो दिवस माउंट हॅरिएटच्या पायवाटेला दिला. त्या डोंगराचे नाव २०२१ पासून माउंट मणिपूर आहे. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या राजघराण्यातले बंदी तिथे ठेवले होते. बाबांच्या प्रश्नाला हे आमचे उत्तर, असे समजून आम्ही वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "पोराला पाण्यात उतरवणार का?"

संहितेच्या पोटातली दुसरी संहिता ओळखायला आम्ही पंधरा वर्षे शिकवीत आहोत. समोरचा माणूस नीतीविषयी बोलतो आहे आणि त्याला भीती वाटते आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

बाबांना एक धाकटा भाऊ होता, एवढे आम्हांला ठाऊक होते. तो लहानपणी गेला, यापलीकडे घरात बोलणे होत नसे. त्या संध्याकाळी अंगणात त्यांनी पहिल्यांदा सांगितले. १९६२ चा श्रावण, वर्धा नदीला पूर ओसरल्यानंतरचे गढूळ पाणी. चार पोरे डोहात उतरली. बाबा तेरा वर्षांचे, काठावर बसलेले. "मी कपडे राखत होतो," ते म्हणाले. रागात किंवा दुःखात ते गावच्या बोलीत येतात. "त्याले पोहता येत होतं. मले येत नव्हतं. म्हणून तो गेला आन् मी राहिलो." पट्टीचा पोहणाराच बुडतो, ही म्हण आमच्या घरात वारंवार का ऐकू येते, ते आम्हांला तेव्हा कळले. आमच्यातल्या एकाला लहानपणी विहिरीच्या काठाशीही जाऊ दिले नव्हते. भाऊ गेला तेव्हा अकरा वर्षांचा होता. आमचा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, हे बाबांनी बोलून दाखवले नाही.

या म्हणीला आमच्याजवळ उत्तर नव्हते. सहल रद्द करावी, असेही एकदा वाटले. पण मग दुसरीच एक गोष्ट आठवली. संतसाहित्य शिकवताना भवसागर, पैलतीर, तारू, नावाडी ही शब्दकळा समजावून सांगावी लागते. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसांनी संसाराला सागर म्हटले आणि सुटकेला तरणे, यावर आमची टिपणे चांगली आहेत असा आमचा समज आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तासाच्या शेवटी सहज विचारले, "मॅडम, तुम्हांला पोहता येतं का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. घरी येऊन एकमेकांना सांगितले, तेव्हा तितके हसू आले नाही. तरणे या क्रियापदाचा पहिला अर्थ अंगाला ठाऊक नसलेली दोन माणसे त्याचा दुसरा अर्थ पंधरा वर्षे शिकवीत होती.

मार्चपासून आम्ही दोघे आणि दोन्ही मुले सकाळी सहाला जलतरण तलावावर जाऊ लागलो. आमचेच विद्यार्थी पलीकडच्या कठड्यावरून सूर मारीत असताना चार फूट पाण्यात नळी धरून पाय मारणे हा प्राध्यापकी अहंकारावरचा उत्तम उतारा आहे. पहिले पंधरा दिवस आम्ही पाण्याशी भांडत होतो. शिकवणारा गृहस्थ एकच वाक्य म्हणे, "सर, अंग सोडा." अंग सोडणे ही गोष्ट व्याख्या करून येत नाही. शिवाय पोहताना श्वास आधी पाण्यात सोडायचा असतो आणि मग वर येऊन घ्यायचा. जन्मभर आपण उलटे समजत आलो. आमच्यातली एक दहाव्या दिवशी तरंगली. ज्याला विहिरीकाठी जाऊ दिले नव्हते त्याला सव्वीस दिवस लागले. पाठीवर पडून कानांत पाणी शिरले, सगळे आवाज थांबले आणि पाय आपोआप वर आले. तेव्हा त्याला काय वाटले हे त्याने घरी सांगितले नाही. बाबांच्या समोर ते सांगण्यासारखे नव्हते.

त्या गृहस्थाला आम्ही बाबांची म्हण ऐकवली. तो म्हणाला, "खरं आहे. म्हणून पोहणं शिकवताना कुठं उतरायचं नाही ते आधी शिकवायचं." वहीला त्या दिवसापासून निराळे वळण लागले. तोवर आम्ही काय करायचे तेवढे लिहीत होतो. आता काय करायचे नाही तेही लिहू लागलो. स्वराज द्वीपावर काही ठिकाणी मगरींमुळे पोहायला बंदी असते. अशा जागी पाटी असो वा नसो, गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. शहीद द्वीपावरचा खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट पाहता येतो. म्हणून भरती-ओहोटीचे तक्ते पाहून मगच तो दिवस नक्की करायचा. ते बेट लहान आणि बरेचसे सपाट आहे. सायकली भाड्याने मिळतात. तिथे सहाही रकान्यांत 'सायकल' लिहिले आहे, आईच्या रकान्यात प्रश्नचिन्हासह. प्रवाळाचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे, मेलेला तुकडासुद्धा. बाबांनी २००४ च्या २६ डिसेंबरची आठवण काढली, तेव्हा तेही लिहिले : जमीन जोरात हलली किंवा समुद्र एकाएकी मागे सरकला, तर बघत उभे राहायचे नाही, उंचावर पळायचे.

मुख्य प्रश्न होता मुलांच्या स्कूबाचा. याविषयी मिळाले ते सर्व आम्ही वाचले आणि बाबांना वाचून दाखवले. पहिल्यांदा उतरणाऱ्याचे वय किमान दहा असावे लागते. दमा, कानाचे दुखणे, हृदयाचा विकार असल्यास डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय उतरवत नाहीत. बारा मीटरपेक्षा खोल नेत नाहीत, आणि आम्ही मुलामागे एक स्वतंत्र प्रशिक्षक मागितला आहे. पोहता येणे सक्तीचे नसते. खाली जाताना कान दडपतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच हवा सोडायची. सर्वांत मोठा नियम असा की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि कोंडलेला श्वास इजा करतो. पाण्यातून आल्यावर पुढचे अठरा तास तरी विमानात बसायचे नाही, म्हणून स्कूबा चौथ्या दिवशी आणि परतीचे विमान आठव्या.

पाण्याखाली बोलता येत नाही, खुणा असतात. अंगठा वर केला म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. सगळे ठीक असेल तर तर्जनी आणि अंगठा जोडून वर्तुळ. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे म्हणणे आमच्या मुलाला जेवणाच्या ताटावर समजले. एप्रिलभर आमच्याकडे जेवताना खुणांचा सराव चालला होता. आमटी हवी असली तरी वर्तुळ, नको असली तरी वर्तुळ. एकदा बाबांनी मुलाला विचारले, घाबरल्याची खूण कोणती? मुलाने तळहात आडवा धरून डावी-उजवीकडे हलवून दाखवला. म्हणजे काहीतरी बिघडले आहे. बाबांनी ती खूण त्याच्याकडून चार वेळा करवून घेतली आणि स्वतःही केली.

तलावावर मात्र ते एकदाही आले नाहीत. आम्ही परतलो की दारात उभे असत, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत आणि केस नीट पुसले नाहीत म्हणून रागावत. त्यांनी जा म्हटले नाही, जाऊ नका असेही पुन्हा म्हटले नाही. आम्ही त्यांना तुरुंगाची सकाळ, संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आणि सायकल एवढेच दिले होते. चौथ्या दिवशी त्यांच्या रकान्यात आम्ही 'खोलीवर विश्रांती' असे लिहून ठेवले होते. मुलीच्या लाल सूचनेचा तो भंग होता, पण तिनेही हरकत घेतली नव्हती.

काल रात्री सामानाची यादी जुळवायला वही उघडली. निघायला नऊ दिवस उरले आहेत. आईने आपल्या मोकळ्या जागा भरल्या होत्या. सायकलीपुढचे प्रश्नचिन्हही खोडले होते. बाबांच्या रकान्यात चौथ्या दिवसापुढचे 'खोलीवर विश्रांती' पट्टी धरून सरळ रेघेने खोडलेले होते. खाली शाळेच्या फळ्यावर लिहावे तशा सुट्या अक्षरांत त्यांनी लिहिले होते : 'किनाऱ्यावर. कपडे राखणे.'